मूल्य आणि स्थान : ‘पोकेमॉन’च्या स्पर्धात्मक खेळातील योजनांचा इतिहास

खेळाचा इतिहास म्हणजे विजेत्यांची नामावली आणि स्पर्धांच्या तारखा, अशी एक रूढ समजूत आहे. ज्या खेळात सामना सुरू होण्यापूर्वीच बहुतेक महत्त्वाचे निर्णय घेतले गेलेले असतात, तेथे मात्र ही समजूत अपुरी पडते. ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ खेळ या जातीचा आहे. त्यात खेळाडू काल्पनिक जीव बाळगतो व त्यांची झुंज लावतो; परंतु कोणता जीव घ्यावयाचा, त्याला कोणत्या चाली शिकवावयाच्या, त्याचे बळ कोठे वाढवावयाचे, हे सर्व आधीच ठरलेले असते. या पूर्वतयारीला प्रस्तुत लेखात ‘योजना’ म्हटले आहे. नियम बदलले तसे योजनेचे स्वरूप कसे बदलत गेले, आणि त्यावरून एखाद्या जिवाच्या ‘सामर्थ्या’विषयी काय म्हणता येते, एवढेच येथे पहावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, याचे उत्तर ओघात येईलच.

सातोशी ताजिरी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘गेम फ्रीक’ या संस्थेने तयार केलेले या मालिकेतील पहिले दोन खेळ, ‘रेड’ व ‘ग्रीन’, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात प्रसिद्ध झाले. त्यांत १५१ जीव आणि १५ प्रकार होते. अग्नी, जल, विद्युत् इत्यादी प्रकारांचे परस्परांवरील परिणाम ठरलेले होते. प्रत्येक खेळाडूजवळ अधिकात अधिक सहा जीव आणि प्रत्येक जिवाला अधिकात अधिक चार चाली, ही दोन बंधने तेव्हा घातली गेली. स्पर्धा सुरू होताच आणखी बंधने आली. १९९७ साली जपानात झालेल्या ‘निन्टेन्डो कप’ स्पर्धेत सहांपैकी तीनच जीव रिंगणात उतरवावयाचे होते. प्रत्येकाची पातळी ५० ते ५५ आणि तिघांची बेरीज १५५ च्या आत हवी, असा नियम होता. म्हणजे मूळच्या दीडशेवर मिळणाऱ्या पाच पातळ्या एकालाच द्यावयाच्या की तिघांत वाटावयाच्या, हा प्रश्न प्रत्येकापुढे होता. योजनेचा जन्म अशा टंचाईतून होतो. जेथे सर्व काही घेता येते तेथे निवड नसते, आणि निवड नाही तेथे योजनाही नाही.

पहिल्या कालखंडात ही टंचाई मर्यादित होती. सरावाने मिळणारे गुण प्रत्येक अंगात पूर्ण भरता येत. शिवाय ‘विशेष’ नावाचा एकच आकडा विशेष आक्रमण आणि विशेष संरक्षण या दोहोंसाठी वापरला जाई. अलाकाझाम या जिवाचा हा आकडा १३५ होता. तोच त्याची तलवार आणि तोच त्याची ढाल. नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेल्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांनी त्या एका आकड्याचे दोन भाग केले. अलाकाझामचे विशेष आक्रमण १३५ च राहिले, विशेष संरक्षण मात्र ८५ झाले. त्याच वेळी ‘डार्क’ व ‘स्टील’ हे दोन प्रकार नव्याने आले आणि अलाकाझामच्या मानसिक चाली ‘डार्क’ जिवांवर मुळीच चालेनाशा झाल्या. जिवाच्या हाती एखादी वस्तू देण्याची सोयही याच वेळी झाली.

टंचाईचे खरे शास्त्र नोव्हेंबर २००२ मधील ‘रुबी’ व ‘सफायर’ या खेळांनी निर्माण केले. सरावाच्या गुणांना ५१० ची एकूण मर्यादा पडली. एका अंगाला उपयोगी पडतील असे गुण २५२; म्हणजे सहांपैकी दोन अंगे पूर्ण भरली की हाती जवळजवळ काही उरत नसे. २५ स्वभाव आले. त्यांतील २० स्वभाव एक अंग दहा टक्क्यांनी वाढवीत आणि दुसरे तितकेच घटवीत. अंगभूत गुण आले, तसेच दोन विरुद्ध दोन अशी दुहेरी झुंजही आली. वेग हवा तर संरक्षण सोडा, संरक्षण हवे तर आक्रमण सोडा, असा हा व्यवहार होता. एकाच जातीचे दोन जीव दोन खेळाडूंच्या हाती अगदी भिन्न कामे करू लागले ते या काळापासून.

सप्टेंबर २००६ मधील ‘डायमंड’ व ‘पर्ल’ या खेळांतील बदल आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. तोपर्यंत चालीचा प्रकार पाहून ती साध्या आक्रमणाच्या आकड्यावर चालावयाची की विशेष आक्रमणाच्या, हे ठरत असे. १९९९ साली आलेला स्नीझल हा जीव ‘डार्क’ व ‘आइस’ या प्रकारांचा आहे. त्याचे साधे आक्रमण ९५ आणि विशेष आक्रमण अवघे ३५. परंतु ‘डार्क’ व ‘आइस’ या दोन्ही प्रकारांच्या चाली विशेष गटात मोडत. स्वतःच्या प्रकारच्या चालीला दीडपट जोर मिळतो. पण स्नीझलला तो जोर मिळे तो ३५ च्या आकड्यावर. ९५ चा आकडा वापरावयाचा तर परक्या प्रकारच्या चाली घेऊन त्या दीडपटीवर पाणी सोडावे लागे. २००६ मध्ये प्रत्येक चालीचा गट स्वतंत्रपणे ठरविण्यात आला, आणि स्नीझलला स्वतःच्या प्रकारच्या चाली ९५ वर चालविता येऊ लागल्या. त्याच्या अंगचा एकही आकडा बदललेला नव्हता. बदलली ती भोवतालची व्यवस्था.

येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला फेर्दिनां द सोस्यूर यांची आठवण झाल्यावाचून राहात नाही. १९१६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. सोंगटीचे मूल्य ती हस्तिदंताची की लाकडाची यावर नसून पटावरील इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या संबंधावर अवलंबून असते, शब्दाचेही तसेच. स्नीझलचा इतिहास हा या सिद्धांताचा जणू एक प्रयोगच होय. ही तुलना एका ठिकाणी लंगडी पडते, हेही सोस्यूर यांनी नमूद केले आहे : बुद्धिबळपटू हेतुपूर्वक सोंगटी हलवितो, भाषा मात्र आपणहून काही योजीत नाही. आपल्या विषयात दोन्ही प्रकारचे बदल आढळतात. नियम बदलतात ते निर्मात्यांच्या हेतूने. परंतु एखाद्या वर्षी कोणते जीव जास्त खेळले जावेत हे कोणी एकजण ठरवीत नाही. हजारो खेळाडू आपापल्या हिताचा विचार करतात आणि त्यातून एक वापर रूढ होतो. खेळाडू त्याला ‘मेटागेम’ म्हणतात. भाषेतील रूढीशी तिचे नाते निकटचे आहे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २०१४ सालच्या जागतिक स्पर्धेतील होय. ऑगस्ट महिन्यात वॉशिंग्टन येथे झालेल्या या स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से जुन पार्क विजयी झाला. त्याच्या संघात पाचिरिसू नावाची एक विद्युत्-खार होती. तिचे आक्रमण ४५, विशेष आक्रमणही ४५. सहा अंगांची बेरीज ४०५. तक्त्यावरून निवड करणाऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

पार्कची योजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याने सरावाचे गुण जीवनशक्ती व संरक्षण या दोन अंगांत भरले आणि स्वभावही संरक्षण वाढविणारा निवडला. स्पर्धेच्या ५० व्या पातळीवर हिशेब केला तर जीवनशक्ती १३५ वरून १६७ वर, आणि संरक्षण ९० वरून १३४ वर जाते. चार चाली होत्या ‘नझल’, ‘सुपर फँग’, ‘फॉलो मी’ आणि ‘प्रोटेक्ट’. ‘नझल’चा मार क्षुल्लक, पण तो लागला की प्रतिपक्षी लुळा पडतो. ‘सुपर फँग’ प्रतिपक्ष्याची उरलेली शक्ती निम्मी करते, मग मारणारा दुबळा असो वा बलवान. ‘फॉलो मी’ने सहकाऱ्यावर येणारा एकलक्ष्यी मारा स्वतःवर ओढून घेता येतो; ‘प्रोटेक्ट’ने त्या फेरीपुरता बचाव होतो. या चारही चालींत ४५ हा आकडा फारसा विचारलाच जात नाही. दुबळेपणा झाकण्याचा किंवा भरून काढण्याचा हा प्रयत्न नव्हता. जेथे तो उघडा पडेल असा प्रश्नच उद्भवू नये, अशी ही रचना होती.

यातील दुसरा धागा संघातील सोबत्यांचा. पार्कच्या संघात गॅराडोस व टॅलनफ्लेम होते. दोघांनाही विद्युत्-माऱ्याचे भय. गॅराडोसला तर मूळ रूपात तो चौपट लागतो. पाचिरिसूच्या अंगी मात्र विद्युत्-मारा शोषून स्वतःची शक्ती वाढविण्याचा गुण होता. म्हणून सोबत्यावर आलेला असा मारा तिने ओढून घेतला की प्रतिपक्ष्याचा घाव वाया जाई आणि खारीला उलट पोषण मिळे. त्या वर्षीच्या नियमानुसार ‘कालोस’ प्रदेशाच्या सूचीतील जीवच वापरता येत होते. त्यांत रोटॉम व झॅपडॉस यांसारखे विद्युत्-जीव होते. म्हणजे पाचिरिसूच्या योजनेत जेवढी पाचिरिसू होती, तेवढेच तिचे सोबती, तिचे शत्रू आणि त्या वर्षीचा नियमही होता.

पुढच्याच वर्षी ‘कालोस’चे बंधन उठले आणि रिंगणात कितीतरी अधिक जाती उतरू शकल्या. पार्कची योजना अक्षरशः उतरवून घेणाऱ्याच्या हाती खार तीच, चाली त्याच, आकडेही तेच राहिले असते. पण ज्या प्रश्नांना ती योजना उत्तर होती ते प्रश्न तेच राहिले नव्हते. एखादा शब्द जुन्या ग्रंथातून उचलून आजच्या वाक्यात बसवावा आणि त्याने जुनाच अर्थ द्यावा अशी अपेक्षा करावी, तसा हा प्रकार आहे.

यावरून इतिहास लिहिणाराने एक पथ्य पाळणे इष्ट होय. या खेळात अमुक जीव ‘बलवान’ व तमुक ‘दुबळा’ अशी विधाने कालनिरपेक्षपणे करू नयेत. कोणत्या वर्षीच्या नियमात, कोणत्या सोबत्यांसह आणि कोणत्या शत्रूंपुढे, हे सांगितल्यावाचून त्या विधानांना अर्थ नाही. आकड्यांचे तक्ते हे कोशासारखे आहेत. त्यांत शब्द सापडतात, पण त्या शब्दांनी काय म्हणता येते हे केवळ कोश वाचून कळत नाही. ज्याला कोशात कोणी विचारीत नाही असा एखादा शब्द योग्य वाक्यात अटळ ठरतो. २०१४ साली वॉशिंग्टनमध्ये एका खारीच्या बाबतीत हेच घडले.