डोक्यावरचं ओझं

मंडळी, लाकडी घराला छत कसलं घालायचं, हे आपल्याकडे पाऊस ठरवायचा. पाटणच्या धुवाधार पावसात उतरतं कौलारू छप्पर आणि त्याखाली धान्य ठेवायला फळ्यांचा माळा. कोरड्या मराठवाड्यात लाकडी तुळयांवर फळ्या, वर जाड मातीचं माळवद; उन्हाळ्यात गारेगार!

पण जमिनीला कोण विचारतंय? ११ डिसेंबर १९६७ला पाटण तालुक्यातल्या कोयनानगरला भूकंप झाला, दगड-मातीच्या भिंती ढासळल्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत तशाच भिंती आणि त्यांच्यासोबत माळवदंही झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. दोष लाकडाचा नव्हता; वरच्या मातीचं वजन नडलं.

पाटणला फार्महाऊस बांधताय? कडीपाट सुंदर दिसतोच हो, पण कॉन्ट्रॅक्टरला आधी त्यावरचं वजन विचारा.