धावत्या माणसाचा डबा

दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीचा अहवाल बघून डॉक्टरांनी मला साधाच प्रश्न विचारला, "दुपारी काय खाता?" मला उत्तर देता येईना. सकाळी दुहैलहून वेस्ट बेला निघायचे, वाटेत टपरीसमोर हॉर्न वाजवायचा, की कडक चहा आणि पराठा गाडीच्या खिडकीशी हजर! मीटिंग लांबली की दुपारी शवर्मा, परतताना पुन्हा कडक. साखर सीमारेषेवर येऊन ठेपली होती. "काय करणार, वेळच मिळत नाही," मी म्हणालो. बोलताना माझेच मला हसू आले. माझे वडील रोज लोकलला लोंबकळत मुलुंडहून फोर्टला जात. त्यांना कुठे वेळ होता? तरीही दुपारी एक वाजता त्यांच्यापुढे घरची पोळी-भाजी असे. तेव्हापासून घाईत असलेली माणसे पूर्वी काय खात होती, हे शोधायचा मला नादच लागला.

आपल्याकडे याचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे शिदोरी. फडक्यात बांधलेली भाकरी, चटणी, कांदा. लांबचा पल्ला असेल तर दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवले की ती जास्त टिकते. सातूचे पीठ तर चुलीशिवाय, गूळ-पाण्यात कालवून खाता येते. गोपाळकाला म्हणजे तरी काय? गुरे राखणाऱ्या पोरांनी एकत्र केलेल्या शिदोऱ्याच! आपण राहतो त्या कतारच्या किनाऱ्यावरही असाच हिशेब होता. मोती काढणारे पाणबुडे उन्हाळ्यात महिनोन्‌महिने समुद्रावर असत. भरल्या पोटी बुडी मारता येत नाही, म्हणून सकाळी खजूर नि कॉफी, आणि मुख्य जेवण, भात नि मासे, सूर्यास्तानंतर.

मुंबई वाढली तशी शिदोरी अपुरी पडू लागली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढे घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे अशी रीत पडली. माणूस सकाळी लवकर बाहेर पडे, तेव्हा स्वयंपाक व्हायचा असे. यातून डबेवाले आले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे घेऊन हे काम सुरू केले, असे सांगितले जाते. माणसे बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातली. सकाळी नऊच्या सुमारास घरून डबा उचलायचा, स्टेशनावर वर्गवारी करायची, लोकलने न्यायचा, पुन्हा वाटणी करून साडेबारा-एकपर्यंत टेबलावर पोचवायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरी! वाटेत डबा तीन-चार हातांतून जातो. पत्ता म्हणजे झाकणावरच्या रंगीत खुणा, अक्षरे आणि आकडे. आम्ही आयटीवाले ज्याला 'राउटिंग' म्हणतो, ते ही मंडळी संगणकाशिवाय करत होती. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा डबेही थांबले, आणि तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही.

पण ज्यांचे घरच मुंबईत नव्हते त्यांचे काय? माझे आजोबा परळच्या गिरणीत होते आणि आजी कोकणात. अशा हजारो कामगारांना गिरणगावातल्या बायकांनी आपल्या खोलीतच महिन्याच्या बोलीवर जेवू घातले. हीच खानावळ. ती बाई पहाटे चारला उठे आणि पाळीप्रमाणे जेवण तयार ठेवी. धान्य मात्र उधारीवर किंवा सावकाराच्या कर्जाने आणलेले असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या चुलीही अडचणीत आल्या.

हे सारे वाचताना एक गोष्ट मनाला लागली. घाईतल्या माणसाच्या ताटात चांगले अन्न येई, कारण त्यामागे कुणाची तरी पहाट आणि कुणाची तरी पायपीट होती. वडिलांच्या डब्याचे कौतुक मी आयुष्यभर केले, पण तो भरण्यासाठी आई किती वाजता उठायची हे तिला कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी फोनवर विचारले. "पावणेपाचला. का रे?" ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझी बायकोही नोकरी करते. तिला आईची पहाट मागायचा मला काय अधिकार? मग आम्ही शेजारच्या चार घरांनी भिशीसारखी पाळी लावली. रविवार ते गुरुवार, रोज एका घरातून चार डबे. पाचवा दिवस आळीपाळीने. उसळ, भाकरी, कोशिंबीर. घाई असेल त्या दिवशी भाजणीचे थालीपीठ. आमच्या घराच्या पाळीला स्वयंपाक मी करतो. पहिल्या भाकरीला कतारच्या नकाशाचा आकार आला होता, तरी शेजाऱ्यांनी ती निमूटपणे खाल्ली! वजन चार किलोने उतरले आहे, साखर सीमेच्या अलीकडे आहे. कडक पूर्ण सुटलेला नाही, हेही कबूल करतो.

असो. आपल्याही इमारतीत, कंपाउंडमध्ये चार घरे असतीलच. एकदा झाकणावर खूण करून बघा!