एस-५३० नावाचा कप्पा

१९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटी कायदा झाला आणि पासष्टीनंतरच्या पेन्शनची सोय झाली. पण वय सिद्ध कसं करायचं? एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या अनेकांकडे जन्मदाखलाच नव्हता. पुरावा होता जुन्या जनगणनेच्या कागदांत, आणि तिथे नावं बऱ्याचदा कानाला आली तशी लिहिलेली. श्मिटचा स्मिथ सहज होऊन जायचा.

यावरचा उपाय रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्येच पेटंट करून ठेवला होता. तो पुढे ‘साउंडेक्स’ म्हणून ओळखला गेला. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवा, नंतरचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळा, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्या, तीन आकडे झाले की थांबा. एम आणि एनला ५, डी आणि टीला ३. स्मिथ आणि श्मिट, दोघेही एस-५३०.

मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून कारकुनांनी या कोडनुसार कार्डं लावली. १८८० च्या जनगणनेतून तर दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेलीच घरं घेतली, कारण आता पेन्शनच्या वयाला येणार होती ती हीच मुलं.

फायदा मोठा होता. लाखभर नावं दुसऱ्या लाखभर नावांशी एकेक करून ताडायची, तर १००० कोटी जोड्या होतात. साउंडेक्समध्ये कप्पेच जास्तीत जास्त ६,७३४. आपला कप्पा उघडायचा, तेवढाच चाळायचा.

या वेगाची किंमत आपल्या आडनावांवरून कळते. इंग्रजीत लिहिलेले जोशी आणि जोग दोघेही जे-२०० मध्ये पडतात. उलट ‘व्ही’ने लिहिलेला वाघ आणि ‘डब्ल्यू’ने लिहिलेला वाघ कधीच भेटत नाहीत, कारण पहिल्या अक्षराला हात लावायचा नसतो.

या दोन चुका सारख्या नाहीत. जोग-जोशींची कार्डं एकत्र समोर येतात, त्यामुळे माणूस ती वेगळी करू शकतो. वाघांची चूक मात्र कुणाला दिसतच नाही. कार्यालयासाठी तो फक्त ‘नोंद सापडली नाही’ असा शेरा असतो, म्हाताऱ्या अर्जदारासाठी मात्र पेन्शनचा प्रश्न.

१९६९ मध्ये कॅनडातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी अशा जुळणीचं गणित मांडलं. त्यात ‘जुळलं’ आणि ‘नाही जुळलं’ यांच्या मध्ये तिसरा ढीग होता: ‘कदाचित’. तो माणसाने तपासायचा. हा ढीग वेळखाऊ आणि खर्चिक असतो, म्हणून काटकसरीत आधी त्याच्यावरच डोळा जातो. केवायसी करताना स्क्रीनवर ‘नाव जुळत नाही’ एवढंच उमटलं आणि पुढे विचारायला कुणी नसलं, तर समजा, तो ढीग कुणीतरी काढून टाकलाय.