परवान्याची बंदूक रात्री घरात कुठे ठेवाल?

शेतीसंरक्षणाचा किंवा स्वसंरक्षणाचा परवाना असलेले अनेक जण बंदूक भरूनच उशाशी किंवा दाराआड ठेवतात. डुक्कर आलं, चोर आला तर हाताशी हवी म्हणून. पण झोपेतून दचकून उठल्यावर अंधारात समोर चोर आहे की घरातलंच कुणी, हे कळत नाही. आणि पोरांना लपवलेली वस्तू बरोबर सापडते.

बारा बोअर असेल तर घरात शिरण्याआधीच काडतुसं काढा. दुनळी बंदुकीची नळी दस्त्यापासून सुटी होते, ती सुटीच ठेवा. बंदूक भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. चावी खुंटीला नको, परवानाधारकाकडेच हवी.

ठासणीच्या बंदुकीत जास्त फसगत होते. केप काढली की झालं, असं लोक समजतात; आत दारू आणि छरे तसेच असतात. ठासलेली बंदूक घरात आणूच नये. दारूही चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवावी.

परवान्याच्या अटी मोडणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. बंदूक चोरीला गेली किंवा हरवली, तर सकाळची वाट न बघता पोलीस ठाण्यात कळवा.