स्वल्पविराम: श्वासासाठी की अर्थासाठी?

इंग्रजी वाक्यात कॉमा कुठे द्यायचा, याचं आमच्या पिढीला शाळेत मिळालेलं उत्तर एका ओळीचं होतं: वाचताना जिथे थांबता, तिथे द्या. हे उत्तर आज चुकीचं ठरतं. पण ते अडाणीपणाचं नव्हे. त्याला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की आपल्या चुका कुठून येतात तेही कळतं.

इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बायझँटियमचा अ‍ॅरिस्टोफेनिस हा विद्वान होता. तेव्हाचा ग्रीक मजकूर सलग लिहिलेला, शब्दांमध्ये जागा नाही. आपल्या मोडीतली जुनी कागदपत्रं आठवा. त्याने वेगवेगळ्या उंचीवरचे तीन ठिपके सुचवले: लहान, मध्यम आणि पूर्ण थांब्यासाठी. ‘कॉमा’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ तोडलेला तुकडा. म्हणजे हे नाव आधी वाक्याच्या तुकड्याचं, चिन्हाला ते नंतर मिळालं. वाचन मोठ्याने होई, म्हणून ठिपका हा वाचणाऱ्याच्या श्वासासाठी.

पुढे छपाई आली. १५व्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यात आजच्या वळणाचा कॉमा रुळला. पुस्तक हातात आलं, डोळ्यांनी वाचलं जाऊ लागलं, आणि चिन्हाचं काम हळूहळू बदललं. १७९५ मध्ये लिंडली मरेचं इंग्रजी व्याकरण निघालं. व्याख्या करताना तो अजून थांबण्याचीच भाषा बोलतो. पण कॉमाचे नियम सांगताना कर्ता, क्रियापद, उपवाक्य यांच्यावरून सांगतो. श्वासाकडून अर्थाकडे झालेला प्रवास इथे एकाच पुस्तकात दिसतो.

मराठीत ही चिन्हं मेजर थॉमस कँडी यांनी रुजवली. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० चं. चिन्हं आपण घेतली, पण वापर बराचसा कानावर ठेवला. ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो’ हे मराठीत सुरेख वाक्य आहे. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की चूक धरतात. तिथे ‘अँड’सारखं उभयान्वयी हवं, अर्धविराम हवा, नाहीतर सरळ पूर्णविराम. तसंच कर्ता लांबलचक झाला की आपल्याला दम लागतो आणि आपण क्रियापदाच्या आधी कॉमा टाकतो. इंग्रजीत तो चालत नाही. कर्ता कितीही लांब असो, त्याची आणि क्रियापदाची एका कॉमाने फारकत करायची नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नेहमी देत असू ते उदाहरण. ‘द स्टुडंट्स हू स्टडीड पास्ड’ म्हणजे ज्यांनी अभ्यास केला ते पास झाले, एवढंच सांगायचंय. बाकीच्यांबद्दल वाक्य काही बोलत नाही. ‘स्टुडंट्स’नंतर आणि ‘स्टडीड’नंतर कॉमा द्या, की अर्थ होतो: विद्यार्थी सगळेच पास झाले, आणि सगळ्यांनीच अभ्यास केला होता. शब्द तेच, पण ‘काही’चं ‘सर्व’ झालं. तर्कशास्त्रात याहून मोठा फरक कुठला? हे दोन कॉमा कंसासारखे असतात. मधला मजकूर उचलून बाजूला ठेवला तरी मूळ विधान शाबूत राहतं. आणि कंस उघडला की मिटावाच लागतो.

हे केवळ परीक्षेतल्या गुणांपुरतं नाही. १९१६ मध्ये लंडनला सर रॉजर केसमेंट यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. महायुद्धात त्यांनी जर्मनीत जाऊन आयरिश युद्धकैद्यांची तुकडी उभारण्याचा प्रयत्न केला होता. कायदा १३५१ चा, नॉर्मन फ्रेंचमधला. राज्यात राहून राजाच्या शत्रूंना सामील होणं, त्यांना राज्यात वा अन्यत्र मदत देणं, असा त्याचा आशय. बचाव पक्ष म्हणाला, ‘वा अन्यत्र’ हे शब्द फक्त मदतीला लागू आहेत. फितुरी राज्यातच घडायला हवी. सरकार म्हणालं, दोन्हींना लागू. वाक्य कुठे तोडायचं, एवढाच प्रश्न. मूळ हस्तलिखितातल्या विरामखुणाही तपासल्या गेल्या. न्यायालयाने सरकारचा अर्थ मान्य केला आणि ३ ऑगस्टला केसमेंट फासावर गेले. कॉमाने फाशी दिली, असं लोक म्हणतात. खरं तर निकालाला जुन्या कायदेपंडितांच्या मताचाही आधार होता. पण वाक्याच्या जोडणीवर एक जीव टांगलेला होता, हे खरंच.

अगदी अलीकडची गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यातली. ज्या कामांना जादा वेळेचा वाढीव पगार लागू नाही, अशा कामांची यादी तिथल्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता. मग वितरण हे यादीतलं स्वतंत्र काम, की वितरणासाठीचं पॅकिंग एवढंच? ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी दावा लावला: आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही, आमचा पगार द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

म्हणून पुन्हा शाळेतल्या त्या उत्तराकडे येऊ. मोठ्याने वाचायला हरकत नाही, कान पुष्कळदा बरोबर सांगतो. पण कॉमा देण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी इथे थांबतोय का, हा नव्हे, मी इथे काय कशापासून वेगळं करतोय, हा. उत्तर सापडलं तर कॉमा द्यावा. नाही सापडलं, तर लेखणी उचलून पुढे जावं.