मनोरंजनाचा स्टार्टअप काढायचाय? ‘एंजल’ पैसे कशावर लावतो ते आधी समजून घ्या

वेब सिरीज बनवणारी कंपनी, मराठी पॉडकास्टचं नेटवर्क, नाटकांच्या तिकिटांचं ॲप, लहान मुलांसाठी ॲनिमेशन स्टुडिओ. कल्पना तयार असते, दोन-तीन मित्रही तयार असतात. अडतं ते पैशावर. बँक तारण मागते, घरचे ‘आधी नोकरी बघ’ म्हणतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘अरे, एंजल इन्व्हेस्टर शोध की!’

एंजल म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे नव्या कंपनीत घालून त्या बदल्यात मालकीचा हिस्सा घेणारी व्यक्ती. हे कर्ज नसतं. कंपनी बुडाली तर त्याचेही पैसे बुडतात, म्हणून चालली तर त्याला अनेक पटींनी परतावा हवा असतो.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात मनोरंजनाच्याच धंद्यातला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक उभं करायला पैसे देणाऱ्या श्रीमंतांना ‘एंजल’ म्हणत. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम वेट्झेल यांनी १९७८ मध्ये नव्या उद्योगांना पैसे पुरवणाऱ्यांसाठी तो शब्द वापरला आणि तिथून तो स्टार्टअपच्या जगात रुळला.

फाळक्यांचा वाटाणा

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल नव्हतं. सिनेमा नावाच्या प्रकारावर पैसे लावायला कोण तयार होणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रित केली आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म तयार केली. पडद्यावर बघता बघता रोप उगवताना पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. बाकीची भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

आजच्या भाषेत त्या वाटाण्याला ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ म्हणतील. तीस पानांच्या पिच डेकपेक्षा तयार असलेला एक एपिसोड, तो शेवटपर्यंत पाहणाऱ्यांचं प्रमाण आणि पैसे देऊन तिकीट काढलेले दोनशे प्रेक्षक जास्त बोलतात.

फाळक्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. १९१८ मध्ये नाशिकला भांडवलदार भागीदारांसोबत हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. खर्च आणि कारभारावरून खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि काही वर्षांनी परतले. पैसे देणाऱ्याला कुठल्या निर्णयात बोलता येईल आणि कुठल्या नाही, हे कागदावर नसलं की असंच होतं. आजच्या भागधारक करारात हा मुद्दा असतो. नवे संस्थापक नेमकं तेच पान घाईत उलटतात.

एक चित्रपट की कंपनी?

बहुतेक नकार इथेच मिळतात. ‘मला एक सिनेमा करायचाय, ऐंशी लाख लागतील’ असं सांगाल, तर एंजल नम्रपणे हात जोडेल. एक चित्रपट हा प्रकल्प आहे. तो लागला, चालला किंवा पडला, की विषय संपतो. त्यासाठी निर्माता, सहनिर्माता किंवा फायनान्सर शोधावा लागतो. गोव्यात इफ्फीच्या काळात २००७ पासून भरत आलेला फिल्म बाजार अशाच भेटींसाठी आहे.

एंजलला कंपनी हवी असते. पहिली मालिका आपटली तरी दुसरी करू शकेल अशी. त्यामुळे तो विचारतो, की पैसा जाहिरातींतून येणार की सबस्क्रिप्शनमधून? प्लॅटफॉर्म पैसे देणार असेल, तर हक्क कुणाकडे राहणार? उद्या यूट्यूबने नियम बदलले तर काय? आणि चॅनेलचा चेहरा असलेला कलाकार सोडून गेला तर?

हक्कांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण अशा कंपनीकडे यंत्रं किंवा जमीन नसते. मालमत्ता म्हणजे कथा, पात्रं, संगीत, रेकॉर्डिंग. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं साधारणपणे मालकाचं होतं. पण बाहेरच्या मित्राने प्रेमाखातर लिहून दिलेली पटकथा त्याचीच राहते, लेखी करार होईपर्यंत. करार केला आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर हक्क फक्त भारतापुरते. म्हणजे लंडन-न्यू जर्सीतल्या मराठी प्रेक्षकांना दाखवण्याचे हक्क तुमच्याकडे नाहीतच! गुंतवणूकदाराचा वकील हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढतो.

हिस्सा किती द्यायचा?

समजा ४० लाख हवे आहेत आणि ‘कंपनीची किंमत १ कोटी ६० लाख’ यावर एकमत झालं. ही किंमत पैसे येण्याआधीची असेल, तर नंतरची किंमत २ कोटी होते आणि त्याचा हिस्सा २० टक्के. पण तोच आकडा पैसे धरूनचा असेल, तर हिस्सा २५ टक्के. म्हणून ‘आधीची की नंतरची’ हे पहिल्याच बैठकीत विचारावं. पुढच्या फेरीत आणखी २० टक्के दिले, तर ८० टक्क्यांचे ६४ होतात, आणि तिघे संस्थापक असतील तर प्रत्येकाकडे जेमतेम २१. पहिल्याच फेरीत निम्मी कंपनी देऊन टाकणाऱ्याला पुढचा गुंतवणूकदार सहसा हात लावत नाही, कारण काम करणाऱ्यांपाशीच काही उरलेलं नसतं.

शेअर द्यायचे तर साधारणपणे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. एकल मालकीच्या धंद्यात किंवा एलएलपीत शेअर नसतात. ‘एंजल टॅक्स’ची भीती मात्र आता काढून टाका. २०१२ मध्ये आलेला हा कर २०२४च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

शोधायचं कुठे?

इंडियन एंजल नेटवर्क आणि मुंबई एंजल्स, दोन्ही २००६ पासूनची, यांच्याकडे अर्ज करता येतो. पण आमच्या मते या क्षेत्रात ओळखीचा रस्ता जास्त चालतो: जाहिरात एजन्सी विकून मोकळा झालेला, टीव्हीत वीस वर्षं काढलेला, ज्याला हा धंदा कळतो असा माणूस. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात उभी राहिली तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांच्याकडे कसब होतं, पैसा सीताराम कुलकर्णी यांचा होता.

‘गुंतवणूकदार मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

रील टाकण्याआधी थांबा

‘आमच्या कंपनीत फक्त १० हजार गुंतवा आणि मालक बना’ अशी पोस्ट टाकण्याचा मोह होतो. ती टाकू नका. २०१३च्या कंपनी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार खासगी कंपनीला शेअर फक्त आधी ठरवलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या व्यक्तींनाच देऊ करता येतात. तेही एका आर्थिक वर्षात साधारण २०० जणांपर्यंत, आणि जाहिरात न करता. मोडलं तर दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी, यांपैकी जो कमी असेल तितका होऊ शकतो, शिवाय पैसे परत करावे लागतात. ऑनलाइन शेअर विकणाऱ्या अनधिकृत प्लॅटफॉर्मबद्दल सेबीने २०१६ मध्येच सावध केलं होतं.

शेअर न देता लोकवर्गणी मागणं वेगळं: आगाऊ तिकीट, श्रेयनामावलीत नाव, सेटवर एक दिवस. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते.

एंजलचे पैसे आले की ते वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात आणि ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. नाही दिले तर त्यानंतरच्या १५ दिवसांत रक्कम परत, त्याहून उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज. शेअर दिल्याची नोंद कंपनी निबंधकाकडे होईपर्यंत तो पैसा खर्चही करता येत नाही. त्यामुळे कॅमेरा भाड्याने घ्यायची आणि कलाकारांची तारीख पक्की करण्याआधी सीएला ही नोंद कधी होईल ते विचारून घ्या.