अमेरिकेत विधेयकाचा कायदा कसा होतो?

‘विधेयक मंजूर झाले’ अशी बातमी येते, तेव्हा बहुधा त्याचा प्रवास अर्ध्यावरच असतो. रोजगाराधारित ग्रीन कार्डांवरील प्रत्येक देशासाठीची ७ टक्क्यांची मर्यादा हटवू पाहणारे विधेयक हे याचे बोलके उदाहरण आहे. या मर्यादेची सर्वाधिक झळ भारतीय अर्जदारांना बसते.

समिती
विधेयक मांडण्याचा अधिकार केवळ संसद सदस्यांना आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही. मांडलेले विधेयक संबंधित समितीकडे जाते. स्थलांतराचा विषय न्यायविषयक समितीच्या कक्षेत येतो. बहुसंख्य विधेयके समितीतच विराम पावतात.

दोन सभागृहे
४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात सामान्यतः साधे बहुमत पुरते. १०० सदस्यांच्या सिनेटमध्ये मात्र चर्चा थांबवण्यासाठी बहुधा ६० मते लागतात. मतदानाविना सर्वसंमतीने मंजुरी देता येते. पण त्यासाठी एकाही सदस्याचा आक्षेप असता कामा नये.

एकच मसुदा
दोन्ही सभागृहांनी शब्दशः समान मसुदा संमत करावा लागतो. भारतात मतभेद झाल्यास संयुक्त अधिवेशनाची तरतूद आहे. अमेरिकेत ती नाही. येथे एक सभागृह दुसऱ्याचा मसुदा स्वीकारते किंवा दोहोंची परिषद समिती तडजोड घडवते.

ग्रीन कार्ड विधेयक येथेच अडले. १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने एच. आर. १०४४ हे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी एस. ३८६ हे आपले वेगळे विधेयक दुरुस्त्यांसह सर्वसंमतीने मंजूर केले. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच ३ जानेवारी २०२१ रोजी संसदेची मुदत संपली आणि दोन्ही विधेयके रद्दबातल ठरली. नव्या संसदेत सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते.

राष्ट्राध्यक्ष
संमत विधेयकावर राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून १० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. स्वाक्षरी झाली की कायदा होतो. नकाराधिकार वापरल्यास दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी तो निष्प्रभ करू शकतात. मौन पाळल्यास, अधिवेशन चालू असेल तर विधेयक आपोआप कायदा बनते. संसद स्थगित झाल्यामुळे ते परत पाठवणे अशक्य झाले असेल तर मात्र ते बाद होते.

म्हणूनच अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत: मंजुरी कोणत्या सभागृहाची? दोन्हींचा मसुदा एकच आहे का? आणि संसदेची मुदत किती उरली आहे?